दोन भूशिरं, एक व्हॅन आणि अर्धा ग्लास

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला मार्गारेट रिव्हर नावाचा वाइनचा मुलूख आहे. एकीकडे द्राक्षमळे, दुसरीकडे हिंदी महासागर. तिथे एकटीने कॅम्परव्हॅन घेऊन भटकायचं म्हणजे धमाल तर आहेच, पण त्यात एक गोम आहे. ड्रायव्हरही आपणच आणि गिऱ्हाईकही आपणच!

वाइनरीच्या ब्रोशरमध्ये एक माणूस कधीच दिसत नाही. उन्हात ग्लास उंचावणारं जोडपं असतं, मागे द्राक्षांच्या रांगा असतात, टेबलावर चीज आणि ऑलिव्ह असतात. पण या दोघांना तिथे घेऊन आलेला आणि संध्याकाळी परत नेणारा ड्रायव्हर मात्र फ्रेमच्या बाहेर. चौघं मिळून गेलात तर एकाला ‘आज तुझा नंबर हं’ म्हणून बाजूला काढता येतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात या बिचाऱ्याला खास नाव आहे, स्किपर. तो दिवसभर लिंबूपाणी पितो आणि सगळ्यांना सुखरूप घरी पोचवतो.

एकटं गेलात तर स्किपरही तुम्हीच.

मार्गारेट रिव्हरला सहा दिवस एकटीने जायचं ठरवलं तेव्हा ओळखीच्या निम्म्या लोकांनी विचारलं, ‘एकटीच?’ आणि उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, ‘मग वाइन कशी पिणार?’ पहिल्या प्रश्नाची सवय आहे. दुसरा मात्र खरंच विचार करण्यासारखा होता. पुढचे सहा दिवस मी त्याचंच उत्तर शोधत होते.

नकाशातला डावा कोपरा

ऑस्ट्रेलियाचा नकाशा समोर धरा. खालच्या डाव्या कोपऱ्यात समुद्रात घुसलेलं एक छोटंसं टोक दिसेल. त्याच्या वरच्या अंगाला केप नॅचरलिस्ट, खालच्या अंगाला केप लुविन. दोन्ही भूशिरांवर दीपगृहं आहेत आणि मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. या पट्ट्यात द्राक्षमळे, निलगिरीच्या कुळातली उंच जंगलं, चुनखडीच्या गुहा, गायींची कुरणं आणि जगभरातल्या सर्फर्सना वेड लावणाऱ्या लाटा असं सगळं शेजारी शेजारी नांदतं. देशाच्या एकूण वाइनमध्ये या भागाचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के असेल. पण चांगल्या, महागड्या वाइन्सची यादी निघाली की हे नाव पहिल्या काही ओळींत असतंच.

पर्थहून मार्गारेट रिव्हर गाव साधारण २७० किलोमीटर. तीन तासांचा रस्ता. व्हॅन म्हणजे टोयोटा हायएस. मागे गादी, तिच्याखाली सामानाचे कप्पे, छोटा फ्रिज, गॅसची शेगडी, बेसिन आणि पाण्याची टाकी. मुंबईत याला वन रूम किचन म्हणून जाहिरात करता आली असती! ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पर्थमधल्या इंडियन ग्रोसरीतून पोहे, मोहरी, हळद आणि शेंगदाणे घेतले आणि दक्षिणेला निघाले.

पहिला मुक्काम बसलटन. इथली लाकडी जेटी समुद्रात १,८४१ मीटर आत गेली आहे. लाकडी खांबांवर उभी असलेली एवढी लांब जेटी दक्षिण गोलार्धात दुसरी नाही. पहिला टप्पा १८६५ साली सुरू झाला. किनाऱ्याजवळ पाणी इतकं उथळ की जहाजांना लाकूड भरायला जवळ येता येईना, मग जेटीच जहाजांकडे नेली. टोकाला समुद्राच्या तळापर्यंत उतरणारी एक काचेची वेधशाळा आहे. जिना उतरत जायचं आणि खांबांवर वाढलेली रंगीबेरंगी प्रवाळं बघायची. ना स्नॉर्केल, ना ओले कपडे. जाता-येता चालायचं, कारण तेवढ्यानेच पहिल्या दिवसाचं ड्रायव्हिंग अंगातून उतरतं.

आकडेमोड

आता मुद्द्याचं. पश्चिम ऑस्ट्रेलियात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ आहे. पोलिस कुठेही थांबवून फुंकायला लावू शकतात आणि लावतातही. तिथे सगळा हिशोब ‘स्टँडर्ड ड्रिंक’ मध्ये होतो. एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे साधारण १०० मिलिलिटर वाइन. मर्यादेत राहायचं तर बाईने तासाला एकापेक्षा जास्त घेऊ नये, असं तिथे ढोबळमानाने सांगतात. अर्थात वजन, जेवण, झोप यावर ते बदलतं, आणि दंडाची पावती फाडताना कुणी तुमचा ढोबळमान विचारत नाही.

वाइनरीच्या टेस्टिंग रूमला इथे ‘सेलर डोअर’ म्हणतात. एका सेलर डोअरला पाच वाइन्स चाखायला मिळतात असं धरा. प्रत्येकी तीस मिलिलिटर. झाले दीडशे, म्हणजे दीडपेक्षा जास्त स्टँडर्ड ड्रिंक्स. दिवसात चार सेलर डोअर्स केलीत तर सहाच्या वर! आणि हे सगळं ‘नुसतं चाखलं हो’ या नावाखाली. या घोट-घोट हिशोबात भल्याभल्यांची गफलत होते.

उपाय एकच. थुंकायचं.

आयुष्यभर ‘येथे थुंकू नये’ या पाट्या वाचत वाढलेल्या मराठी मुलीला हे किती जड जातं म्हणून सांगू! विलयब्रप भागातल्या पहिल्याच सेलर डोअरला काउंटरमागच्या मुलीने विचारलं, ‘यू ड्रायव्हिंग?’ मी मान हलवली. तिने काही न बोलता एक काळं, उंच भांडं माझ्यापुढे सरकवलं. शेजारी सूटबुटातले दोन गृहस्थ अत्यंत सभ्यपणे, नेम धरून पिचकारी टाकत होते. मी आधी टिश्यू तोंडापुढे धरला. तिसऱ्या वाइनला टिश्यू गेला. पाचव्या वाइनपर्यंत लाजही गेली.

आणि मग एक गंमत लक्षात आली. गिळायचं नाही म्हटल्यावर वाइन तोंडात जास्त वेळ राहते. आंबटपणा जिभेच्या कडांना कुठे लागतो, ओकच्या पिंपाचा वास कधी येतो, घोट टाकून दिल्यावर चव किती वेळ रेंगाळते, हे सगळं कळायला लागतं. पिणाऱ्याला तिसऱ्या ग्लासनंतर सगळंच छान लागतं. थुंकणाऱ्याला विसाव्या वाइनलाही खरं काय ते सांगता येतं.

डॉक्टर, ससाणा आणि चष्मेवाला

इतकी नावाजलेली वाइन म्हणजे शेकडो वर्षांची परंपरा असणार, असं आपल्याला वाटतं. इथे तसं काही नाही. शंभर वर्षांपूर्वी हा गायींचा मुलूख होता. १९२०च्या दशकात सरकारने ब्रिटनहून माणसं आणून इथे वसवली. जंगल तोडा, कुरणं करा, दूध काढा अशी ती योजना. अजस्र झाडं तोडता तोडता कित्येक कुटुंबं मेटाकुटीला आली आणि निघून गेली.

मग १९६५ साली जॉन ग्लॅडस्टोन्स नावाच्या कृषिशास्त्रज्ञाचा एक लेख आला. त्यांचं मुख्य काम ल्युपिन नावाच्या कडधान्यावर. पण त्यांनी नैऋत्य ऑस्ट्रेलियाचं हवामान आणि माती तपासली आणि पुढच्या वर्षी स्पष्टच लिहिलं की, या दोन भूशिरांमधल्या पट्ट्यात फ्रान्सच्या बोर्दोच्या तोडीची द्राक्षं होतील. हिवाळ्यात भरपूर पाऊस, उन्हाळा कोरडा, समुद्रामुळे कडाक्याची थंडी नाही आणि गोटे-खड्यांची, पाण्याचा निचरा होणारी जमीन. आणखी काय हवं?

लेख वाचून कामाला कोण लागलं? डॉक्टर! पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ टॉम कलिटी यांनी १९६७ साली वासे फेलिक्स हा मळा लावला. आठवडाभर पेशंट बघायचे आणि शनिवार-रविवारी इथे येऊन फावडं हातात घ्यायचं. पाठोपाठ १९६९ मध्ये डॉ. बिल पॅनेल यांचा मॉस वुड आणि १९७१ मध्ये डॉ. केव्हिन आणि डायना कलन यांचा कलन मळा. म्हणजे आज ज्याला आपण ‘साइड प्रोजेक्ट’ म्हणतो, त्यातून हा अख्खा वाइनचा प्रदेश उभा राहिला. आपल्याकडे नाशिकला सुला १९९९ मध्ये सुरू झाली. त्या मानाने इथले लोक आपल्यापेक्षा फक्त एक पिढी पुढे आहेत.

डॉक्टर कलिटींची एक गोष्ट इथे सगळेच रंगवून सांगतात. द्राक्षं पिकली की पक्ष्यांचे थवे तुटून पडायचे. त्यांना पळवायला डॉक्टरांनी एक बहिरी ससाणा आणला. पहिल्यांदा मोकळा सोडला आणि ससाणा जो उडाला तो उडालाच. परत आला नाही. आजही वासे फेलिक्सच्या लेबलवर तो ससाणा आहे. पळून गेलेल्या कर्मचाऱ्याचा एवढा सन्मान दुसऱ्या कुठल्या कंपनीने केला नसेल!

द्राक्षं खाणारा तो पक्षी म्हणजे सिल्व्हरआय. मी नेटवर बसलेला एक जवळून पाहिला आणि हसूच आलं. डोळ्याभोवती पांढरं कडं, हिरवट पाठ, बोटाएवढा जीव. आपल्या बागेत दिसतो त्या चष्मेवाल्याचा हा सख्खा चुलतभाऊ. याच्यासाठी अख्खे मळेच्या मळे पांढऱ्या जाळ्यांनी झाकलेले असतात. लांबून वाटतं, शेतावर धुकं उतरलंय. पण जाळ्यांपेक्षाही भारी उपाय निसर्गाकडे आहे. इथे मारी नावाचं झाड आहे. उन्हाळ्याच्या शेवटी त्याला क्रीम रंगाचा फुलोरा येतो. ज्या वर्षी मारी भरभरून फुलते, त्या वर्षी चष्मेवाले त्या मधावर ताव मारतात आणि द्राक्षांकडे फिरकत नाहीत. फुलोरा कमी आला की मळेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. विशेष म्हणजे जिथे मारी जोमाने वाढते, तीच जमीन द्राक्षांनाही मानवते. म्हणून इथले जुने लोक मळ्याची जागा निवडताना आधी झाडं बघतात.

चाखायच्या मुख्य वाइन्स दोन. लाल कॅबर्ने सोव्हिन्यों आणि पांढरी शार्डने. इथल्या शार्डनेच्या जातीत एकाच घडात मोठे टपोरे मणी आणि त्यांच्यामध्ये बारीक बारीक मणी असतात. तिथले लोक त्याला ‘कोंबडी आणि पिल्लं’ म्हणतात. पिल्लांमध्ये रस कमी, साल जास्त, त्यामुळे चव एकवटलेली. मार्चच्या अखेरीस शार्डनेची तोडणी उरकलेली होती, पण काही मळ्यांत कॅबर्नेचे काळे घड अजून जाळीखाली लटकत होते. एका मळेवाल्या बाईंनी जाळी उचलून दोन मणी हातावर ठेवले. साल जाड, बिया कुरकुरीत आणि गोडवा असा की चहात साखर नको. ‘अजून चार दिवस,’ त्या म्हणाल्या. मग आभाळाकडे बघितलं आणि पुन्हा म्हणाल्या, ‘पाऊस नाही आला तर.’ वर्षभराची कमाई त्या ‘तर’ वर टांगलेली. नाशिकच्या बागायतदाराला हे वाक्य भाषांतर करून सांगावं लागणार नाही.

‘आमच्यात ये ना!’

तिसऱ्या दिवशी दुपारी एका सेलर डोअरच्या हिरवळीवर पर्थहून बसने आलेला एक ग्रुप भेटला. माझ्याच वयाचे सात-आठ जण. ऑफिसातल्या कुणाचा तरी वाढदिवस. त्यांनी मला एकटी बसलेली बघून खुर्ची ओढली, ग्लास पुढे केला. ‘तू भांड्यात काय थुंकत बसलीयस? आमच्यात ये ना! व्हॅन राहू दे इथेच.’

खरं सांगते, मोह झाला. तीन दिवस मी जवळपास कुणाशी धड बोलले नव्हते. ऊन छान होतं, माणसं छान होती, शार्डने तर अप्रतिम होती. पण व्हॅन तिथे रात्रभर ठेवता येणार नव्हती. कॅम्पसाइट तिथून बरीच लांब. या भागात मन मानेल तिथे गाडी लावून झोपता येत नाही. बीचच्या पार्किंगमध्ये झोपलात तर रेंजर दार वाजवून दंड करतो. आणि सूर्य मावळल्यावर गाडी चालवू नका, असं व्हॅन देणाऱ्यांनी बजावलं होतं, कारण तेव्हा कांगारू रस्त्यावर येतात.

मी त्यांच्याबरोबर तासभर बसले, पिझ्झाचे दोन तुकडे खाल्ले, पाणी प्यायले, भरपूर हसले आणि चार वाजता उठले. निघताना त्याच शार्डनेची एक बाटली विकत घेतली. गाडीत बसल्यावर क्षणभर वाईट वाटलं, हेही खरं. आपण सोबत कुणाला आणलं असतं तर? पण मग लक्षात आलं, सोबत कुणी असतं तर या ग्रुपने खुर्ची ओढलीच नसती.

त्या दिवशीपासून माझा नियम पक्का झाला. दिवसा चाखायचं आणि थुंकायचं. संध्याकाळी कॅम्पसाइटवर पोचायचं, हँडब्रेक ओढायचा, चावी ड्रॉवरमध्ये टाकायची. चावी आत गेल्याशिवाय ग्लास बाहेर नाही.

रात्र कॉन्टोची

कॉन्टो कॅम्पग्राउंड नॅशनल पार्कच्या आत, पेपरमिंटच्या झाडांमध्ये आहे. वीज नाही, फोनला रेंज जवळपास नाही, मागच्या टेकाडापलीकडे समुद्राची गाज. शेजारच्या जागेवर एक निवृत्त जोडपं होतं. कॅरव्हॅन घेऊन महिनोन् महिने देशभर फिरणाऱ्या अशा आजी-आजोबांना ऑस्ट्रेलियात ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. आजींनी विचारलंच, ‘ऑन युअर ओन, लव्ह?’

‘हो.’

‘टोमॅटो हवेत? आमच्याकडे जास्त झालेत.’

बस्स. प्रश्न तिथेच संपला. लग्न, आईवडील, ‘भीती नाही वाटत?’ यातलं काहीही नाही. मी त्या टोमॅटोचे पोहे केले आणि एक वाटी त्यांना नेऊन दिली. आजोबांनी दोनदा घेतले.

भीती वाटली नाही असं मात्र नाही. रात्री दोनच्या सुमाराला व्हॅनच्या बाहेर कुणीतरी चालल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. दारं लॉक आहेत हे मी तीनदा तपासलं. शेवटी पडदा बोटभर सरकवला तर चांदण्यात तीन कांगारू शांतपणे गवत खात होते. त्यातल्या एकाने माझ्याकडे बघितलं, ‘काय कटकट आहे’ असा चेहरा केला आणि पुन्हा मान खाली घातली.

झोप उडाली होती, म्हणून बाहेर खुर्ची टाकून बसले. असं आकाश आपल्याकडे आता कुठे दिसतं? महाराष्ट्रातून उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजाला टेकलेला, शोधून काढावा लागणारा त्रिशंकू इथे चक्क डोक्याच्या दिशेने चढलेला. संध्याकाळी मृग नक्षत्र उत्तरेला दिसलं होतं, तेही उलटं टांगलेलं. ज्ञानाची सगळी शाळा उलटीपालटी! त्या संध्याकाळी ओतलेल्या शार्डनेचा ग्लास अर्धा राहिला होता. तो तसाच राहिला. मला आणखी नको होती, एवढंच. इथल्या बाटल्यांना बुचाऐवजी फिरकीचं झाकण असतं. एकट्या प्रवाशाला त्याच्याइतका दुसरा मित्र नाही. झाकण फिरवा, फ्रिजमध्ये ठेवा, बाटली तीन दिवस पुरते. कुणाला संपवायची घाई नाही, कुणी ‘लास्ट ड्रॉप’ म्हणून आग्रह करत नाही. आपल्याला नेमकं किती हवं आहे, हे इतक्या स्पष्टपणे मला तोवर कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला केव्हज रोडवर एक मेलेला कांगारू दिसला. कडेला एक गाडी उभी. एक बाई हातमोजे घालून त्याच्यापाशी बसल्या होत्या. मादी मेली तरी पोटाच्या पिशवीतलं पिल्लू जिवंत असू शकतं, म्हणून कुणीतरी थांबून पिशवी तपासायची आणि मग अंगावर स्प्रेने फुली मारायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की बघून झालंय. पिशवी रिकामी होती. त्यांनी फुली मारली, हात पुसले. ‘रात्री कुणीतरी घाईत होतं,’ एवढंच म्हणाल्या. मी ०.०५चा सगळा हिशोब कायद्याच्या भीतीने करत होते. त्या फुलीनंतर तो हिशोब वेगळा झाला.

समुद्र माफ करत नाही

इथला समुद्र दिसायला कोकणाचा भाऊ. पश्चिमेला तोंड, संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडतो, आणि पाणीही तेच, हिंदी महासागराचं. पण स्वभाव एकदम वेगळा. मीलपची खाडी शांत, तळ दिसेल इतकी स्वच्छ. अर्ध्या तासावरच्या यालिंगपला मात्र लाटा घराएवढ्या. प्रेव्हेलीच्या सर्फर्स पॉइंटला तर जागतिक सर्फिंग स्पर्धा भरतात. हॅमेलिन बेला गुडघाभर पाण्यात मोठमोठे स्टिंगरे अगदी पायाशी येऊन तरंगतात. त्यांना हात लावायचा नाही, नुसतं स्थिर उभं राहायचं.

ग्रेसटाउनला चुनखडीचे कडे आहेत. १९९६च्या सप्टेंबरमध्ये शाळेच्या सर्फिंग स्पर्धेच्या वेळी पाऊस आला, लोक कड्याच्या आडोशाला उभे राहिले आणि कडा कोसळला. नऊ जण गेले. आज तिथे गेलं की लोक आवाज आपोआप खाली आणतात. एकटीने फिरताना अशा जागा एक साधी गोष्ट शिकवतात. धोक्याच्या पाट्या वाचायच्या, कड्याखाली बसायचं नाही, एकटीने खडकांवरच्या डबक्यात उतरायचं नाही. ‘काही होत नाही गं’ म्हणणारं कुणी सोबत नसतं, ते बरंच असतं.

गावांची नावंही ऐकण्यासारखी. यालिंगप, मीलप, कावारामप. इथल्या मूळ नूंगार लोकांच्या भाषेत शेवटचा ‘अप’ म्हणजे ठिकाण. आपलं ‘पूर’ किंवा ‘वाडी’च म्हणा ना! या किनारपट्टीचे नूंगार म्हणजे वाडांडी, खाऱ्या पाण्याचे लोक. त्यांचं वर्ष सहा ऋतूंचं. आपल्यासारखंच! कावारामप हे नाव एका जांभळ्या डोक्याच्या छोट्या पोपटावरून आलंय. पण इंग्रजीत त्यात ‘काउ’ ऐकू येतं, म्हणून गावाने रस्त्याकडेला ठिकठिकाणी फायबरग्लासच्या गायी उभ्या केल्या आहेत. पोपट बिचारा कुठेच नाही.

शेवटचं टोक

दक्षिणेला जाताना बोरानपचं कारी जंगल लागतं. साठ मीटरपर्यंत जाणारे सरळसोट, फिकट खोड असलेले वृक्ष. एकोणिसाव्या शतकात हे जंगल लाकडासाठी साफ तोडलं गेलं होतं. आज दिसतं ते नंतर आपोआप पुन्हा उगवलेलं. शंभरेक वर्षं कुणी हात लावला नाही तर काय होतं, ते इथे मान वर करून बघायचं.

ऑगस्टा गावापुढे केप लुविन. ३९ मीटर उंच, स्थानिक चुनखडीचं पांढरं दीपगृह, १८९५ सालचं. हिंदी महासागर आणि दक्षिणी महासागर इथे भेटतात अशी पाटी आहे. दक्षिणी महासागर नेमका कुठे सुरू होतो यावर जगाचं एकमत नाही, पण ऑस्ट्रेलियन लोकांच्या मते इथेच, आणि त्या वाऱ्यात उभं राहून वाद घालायची कुणाची हिंमत होत नाही. दीपगृह बांधणाऱ्यांना पाणी पुरवणारं एक लाकडी रहाटचक्र जवळच आहे. झऱ्याच्या पाण्यातला चुना साठत साठत ते आता दगडाचं झालंय.

सहा दिवसांत अकरा सेलर डोअर्स आणि पन्नासच्या आसपास वाइन्स चाखल्या. प्रत्यक्ष प्यायलेली वाइन दीड बाटलीच्या वर नाही. ‘मग वाइन कशी पिणार?’ याचं उत्तर एवढंच की, कमी प्यायची. स्किपर असणं ही शिक्षा आहे असं मला वाटायचं. तसं नाहीये. चावी आपल्या खिशात असते तेव्हा कधी थांबायचं, कुठे वळायचं आणि कधी पुरे म्हणायचं, हे तिन्ही निर्णय आपलेच असतात. तिसरा सगळ्यात अवघड, आणि तोच एकटीने सगळ्यात चांगला घेता येतो.

जायचंय?

कधी : द्राक्षांची तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल. व्हेल बघायचे असतील तर ऑगस्टाला जून ते ऑगस्ट, डन्सबरोच्या बाजूला सप्टेंबरनंतर.

कसं : सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे पर्थ. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आपलं लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं, तरी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट जवळ असलेलं बरं.

कुठे झोपाल : फक्त कॅरव्हॅन पार्क किंवा परवानगी असलेली कॅम्पग्राउंड्स. नॅशनल पार्कमधल्या जागांचं बुकिंग ऑनलाइन आणि आधीच करा. उन्हाळ्यात उघड्यावर शेकोटीला बंदी असते आणि ती गंमत नाही. २०११ मध्ये याच भागात वणव्याने बरीच घरं जळाली.

सेलर डोअर : बहुतेक दहा ते पाच उघडी. अनेक ठिकाणी टेस्टिंगची फी असते, काही ठिकाणी बाटली घेतलीत तर ती वळती होते. थुंकायचं भांडं न लाजता मागा.

घरी आणताना : भारतात येताना दोन लिटरपर्यंत मद्य ड्युटी-फ्री आणता येतं, म्हणजे दोन बाटल्या आरामात. डिसेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार लागू झाल्यापासून पाच डॉलरच्या वरच्या ऑस्ट्रेलियन वाइनवरची आयात ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरते आहे. पण आपल्या दुकानातली बाटली अजूनही स्वस्त म्हणावी अशी नाही.